फॅक्टर पाच लायडन असल्यास शिरेत रक्ताची गुठळी होणारच का?

होणारच असे नाही. हा जनुकीय बदल असलेल्या बहुतेकांना आयुष्यात एकदाही गुठळी होत नाही. रक्त गोठवणाऱ्या 'फॅक्टर पाच' या प्रथिनात ५०६व्या जागी आर्जिनिन या अमिनो आम्लाऐवजी (प्रथिनाचा घटक) ग्लुटामिन आले, की सक्रिय प्रथिन-सी (रक्त गोठणे आवरणारे प्रथिन) त्याला जिथे कापून निकामी करते नेमकी तीच जागा बदलते आणि गोठण्याला वेळेवर लगाम बसत नाही. नेदरलँड्समधील लायडन येथे १९९४ मध्ये हा बदल ओळखला गेला. तो आई-वडिलांपैकी एकाकडूनच आल्यास धोका काही पटींनी वाढतो, दोघांकडून आल्यास कितीतरी अधिक. खरी काळजी आहे ती त्याला गर्भनिरोधक गोळ्या, बाळंतपण किंवा प्लास्टरमध्ये अडकलेला पाय यांची जोड मिळाल्यावर. म्हणून इस्ट्रोजेन (स्त्री-संप्रेरक) असलेली गर्भनिरोधक गोळी सुरू करण्यापूर्वी, घरात कोणाच्या पोटरीत वा मांडीत गुठळी झाली असल्यास, ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे.