मुंग्या ओट्यावर, मुंग्या कुंडीत : वाचकांचे प्रश्न

मृगाच्या सरी पडल्या की आमच्याकडे मुंग्यांबद्दलची पत्रे वाढतात. जमिनीतली बिळे पाण्याने भरतात, आणि अंडी-अळ्या घेऊन मुंग्या कोरडी जागा शोधत निघतात. ती कोरडी जागा म्हणजे बहुतेक वेळा आपली भिंत, चौकट नाहीतर कुंडी. आलेल्या पत्रांतले सहा प्रश्न इथे घेतले आहेत.

कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर राहतो. ओट्याच्या टाइल्सच्या फटीतून अगदी बारीक, पिवळसर मुंग्या येतात. फवारा मारला की चार दिवस गायब, मग बाथरूममध्ये आणि देवघरात. पेस्ट कंट्रोल दोनदा करून झाले. आता काय करावे?

आधी फवारा बंद करा. तुमचा त्रास त्यानेच वाढला असण्याची शक्यता मोठी आहे.

मुंगी दोन मिलिमीटरच्या आसपास, पिवळसर तपकिरी आणि पोटाचे टोक गडद असेल तर ती फॅरो मुंगी. डोके काळपट आणि मागचा भाग फिकट, जवळजवळ आरपार दिसणारा असेल तर घोस्ट मुंगी. भिंग नसेल तर पांढऱ्या कागदावर चार मुंग्या घेऊन मोबाइलच्या कॅमेऱ्यातून मोठ्या करून पाहा. दोन्हींची खोड सारखीच: एका वसाहतीत अनेक राण्या असतात. फवाऱ्याचा उपद्रव झाला की एखाद-दुसरी राणी, काही कामकरी मुंग्या आणि थोडी अंडी-अळ्या असा जथा फुटतो आणि भिंतीत दुसरीकडे बिऱ्हाड मांडतो. ओट्यावरचे एक घराणे बाथरूममध्ये आणि देवघरात पोचले ते असे. शिवाय रांगेत दिसतात त्या मुंग्या वसाहतीचा थोडासाच भाग असतात. त्या मेल्या तरी आतल्या राणीचे अंडी घालणे चालूच राहते.

म्हणून विष आत पोचवायचे, आणि तेही त्यांच्याच तोंडून. कामकरी मुंगी पोटात साठवलेला पातळ खाऊ घरी जाऊन इतरांना तोंडातून भरवते. हे विष मंद हवे. मुंगी वाटेतच मेली तर ते घरी पोचणार कसे?

घरी करता येते ते आमिष असे: पाव लिटर कोमट पाणी, 25 ग्रॅम साखर (चहाचे सपाट सहा चमचे) आणि अडीच ग्रॅम बोरिक पावडर (सपाट अर्धा चमचा). साखर आणि पावडर पूर्ण विरघळेपर्यंत ढवळा. बोरिकचे प्रमाण यात साधारण एक टक्का होते. ‘थोडी जास्त घातली तर लवकर मरतील’ असे वाटते आणि नेमके तिथेच बिघडते. प्रमाण वाढले की मुंग्या आमिषाला तोंड लावत नाहीत, किंवा घरी पोचण्याआधीच मरतात. पावडर औषधाच्या दुकानातून घ्या. कॅरमची म्हणून मिळणारी प्रत्येक पावडर बोरिकच असते असे नाही. पाकिटावर घटक छापलेला नसेल तर ती वापरू नका.

पाण्याच्या बाटलीच्या झाकणात कापसाचा बोळा ठेवा आणि तो आमिषात भिजवा. नुसते पाणी ठेवले तर मुंग्या त्यात बुडतात. झाकण रांगेच्या अगदी कडेला ठेवा, रांग तोडू नका. ओट्यावर पोळ्या लाटता तिथे नको. सिंकखाली, गॅस सिलिंडरच्या मागे, ड्राय बाल्कनीत नळाची पाइप भिंतीत शिरते तिथे ठेवा. पहिल्या दिवशी रांग दुप्पट-तिप्पट झाली तर घाबरून फडके मारू नका, आमिष पसंत पडल्याची ती खूण आहे. दर दोन दिवसांनी कापूस आणि पाणी बदला. साखरपाणी आंबते, आणि पाणी उडून गेले की उरलेल्यातले बोरिक आपोआप तीव्र होते. मग मुंग्या पाठ फिरवतात आणि आपल्याला वाटते, उपाय फसला.

दोन-तीन आठवडे धरून चाला. फॅरोच्या बाबतीत याहून जास्त दिवसही लागतात. या काळात खरकटी भांडी रात्रभर ठेवू नका, साखरेचा डबा घट्ट लावा, पण रांगेची वाट मात्र पुसू नका. ओट्यावर गुळाचा खडा उघडा असताना कोण तुमचे बेचव साखरपाणी पिईल?

साखरेकडे ढुंकूनही बघत नसतील तर एका पुठ्ठ्यावर थेंबभर साखरपाणी, शेजारी तेलात कालवलेला शेंगदाण्याचा कूट आणि उकडलेल्या अंड्याचा कण ठेवा. अर्ध्या तासाने गर्दी कुठे आहे ते पाहा. वसाहतीत अळ्या वाढत असतात तेव्हा प्रथिने आणि तेल यांची मागणी वाढते. मग चार चमचे बारीक कूट, ओला होण्यापुरते तेल आणि चिमूट-दीड चिमूट बोरिक असे मिश्रण करा.

बोरिक पोटात गेले तर माणसालाही विषारी आहे. बाटलीवर ठळक नाव लिहा, ती लहान मुलांच्या आणि कुत्र्या-मांजरांच्या आवाक्याबाहेर ठेवा, हात धुवा. पुन्हा पेस्ट कंट्रोलवाल्यांना बोलवायचे झालेच तर ‘फवारणी नको, मुंग्यांचे आमिष लावा’ हे फोनवरच सांगा. झुरळांचे जेल हे मुंग्यांचे आमिष नव्हे, तेवढे विचारून घ्या.

हळदीची रेघ, लवंगा, मुंग्यांचा खडू आणि रवा यातले खरेच कशाने काम होते?

हळद आणि दालचिनीची पूड रांग अडवते, मारत नाही. मुंग्या चार इंच वळसा घालून पुढे जातात. साखरेच्या डब्यात लवंगा टाकायला हरकत नाही, पण झाकण सैल असेल तर भरवसा ठेवू नका. खडूत बहुतेक वेळा पायरेथ्रॉइड गटातले कीटकनाशक असते. त्याने मुंगी मरते, पण वरच्या पिवळसर मुंग्यांच्या बाबतीत तो फवाऱ्यासारखाच वसाहत फोडतो. ओल्या फरशीवर तो टिकत नाही, आणि घरात मांजर असेल तर काढूच नका; हा गट मांजरांना विशेष बाधतो.

रवा खाऊन मुंग्यांचे पोट फुटते ही निव्वळ ऐकीव गोष्ट. पूर्ण वाढ झालेली मुंगी घन पदार्थ गिळूच शकत नाही, ते पचवण्याचे काम अळ्यांकडे असते. उलट तुमच्या रव्याने त्यांची चार दिवसांची बेगमी होईल.

साबणाच्या पाण्याचे फडके मात्र खरेच उपयोगी आहे. मुंग्या वासाच्या वाटेवरून चालतात आणि साबणाने ती वाट पुसली जाते. एखाद-दुसरी रांग चुकून आली असेल तर एवढे पुरते. आमिष लावलेले असताना ते करायचे नाही.

गच्चीवरच्या जास्वंदीला कळ्या धरतात आणि गळतात. शेंड्याला पांढरे कापसासारखे काही दिसते आणि खोडावर काळ्या मुंग्यांची सतत ये-जा असते. मुंग्यांसाठी काय मारू?

मुंग्या कळ्या खात नाहीत. ते पांढरे म्हणजे पिठ्या ढेकूण. तो रस शोषतो आणि मागून गोड चिकट द्रव सोडतो. मुंग्यांना तो हवा असतो, म्हणून त्या पिठ्या ढेकणाची राखण करतात आणि त्याला खाणाऱ्या ढालकिड्यांना (लेडीबर्ड बीटल) हुसकावतात. पानांवर काळी बुरशी दिसली तर ती त्याच चिकट्यावर वाढलेली असते. त्यामुळे किडीचा आणि मुंग्यांचा बंदोबस्त एकदमच करावा लागतो, एकाला सोडून दुसरे जमत नाही.

सगळ्यात जास्त भरलेले शेंडे कापा आणि पिशवीत बांधून टाकून द्या, कंपोस्टच्या बादलीत नकोत. उरलेल्या झाडावर, विशेषतः पानांच्या खालच्या बाजूला आणि देठांच्या बेचक्यांत, पाइपने पाण्याचा जोरदार फवारा मारा. निम्मी कीड इथेच पडते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कडुनिंबाचे तेल फवारा: पाच मिलिलिटर तेलात भांडी घासायच्या लिक्विडचे वीसेक थेंब आधी एकत्र घोटा, मग थोडे थोडे करत एक लिटर पाणी घाला. तेल थेट पाण्यात ओतले तर ते वर तरंगते. मग पहिला अर्धा फवारा नुसत्या पाण्याचा आणि शेवटचा नुसत्या तेलाचा होतो, आणि त्याने पाने भाजतात. भर उन्हातही फवारू नका. सात-सात दिवसांच्या अंतराने तीन वेळा फवारा, कारण अंड्यांतून नवी पिल्ले येत राहतात.

फवारण्याआधी एक गोष्ट नीट पाहा. पिठ्या ढेकणांमध्ये एखादी त्याच्यासारखीच पांढरी, पण मोठी, अंगावर मेणाचे लांब झुबके असलेली आणि भराभर चालणारी अळी दिसली तर ती क्रिप्टोलेमस नावाच्या ढालकिड्याची. ती पिठ्या ढेकूण खाते. ती दिसली त्या फांदीवर तेल मारू नका.

आता मुंग्या. जमिनीपासून वीतभर उंचीवर खोडाभोवती चार बोटे रुंद चिंधी किंवा कागदी चिकटपट्टी गुंडाळा आणि तिच्यावर ग्रीसचा थर द्या. ग्रीस थेट सालीला लावू नका, साल खराब होते. आठवड्याने पट्टी तपासा. धूळ आणि मेलेल्या मुंग्या साचून त्यावर पूल तयार होतो आणि पुढची फौज त्यावरून जाते. एक जरी फांदी कठड्याला किंवा शेजारच्या कुंडीला टेकत असेल तर पट्टी लावून उपयोग नाही, आधी ती छाटा.

मोगऱ्याच्या कुंडीला पाणी घातले की मातीतून मुंग्या उसळून वर येतात. झाड मरेल का?

मुंग्यांनी नाही मरणार, पण कोरडे पडून मरेल. कुंडीत वारूळ झाले याचा अर्थ आतला गोळा कोरडा आहे, आणि तुम्ही घातलेले पाणी कडेने खाली निघून जाते आहे. मुंग्यांनी पोखरल्यावर ते आणखी पटकन जाते.

कुंडी बादलीत ठेवा आणि पाणी कुंडीच्या काठापर्यंत येईल इतके भरा. वीस-तीस मिनिटांत मुंग्या पांढऱ्या अळ्या तोंडात धरून वर येऊ लागतील. त्या वेळी कुंडीच्या काठावरून एक काठी तिरकी टाका आणि दुसरे टोक कोरड्या मातीच्या जुन्या कुंडीत टेकवा. बऱ्याचशा मुंग्या आपणहून त्या पुलावरून बिऱ्हाड हलवतात, मग ती कुंडी लांब नेऊन ठेवा. मोगऱ्याच्या कुंडीच्या तळाच्या भोकावर आतून बारीक जाळीचा तुकडा बसवा, मातीत दोन मुठी निंबोळी पेंड मिसळा आणि कुंडी विटांवर उचलून ठेवा. कुंडी उचलण्यासारखी नसेल तर अर्ध्या-अर्ध्या तासाने तीन-चार वेळा सावकाश पाणी जिरवा. अडेनियम किंवा निवडुंगाला मात्र हे बुडवणे चालत नाही. त्यांची माती बदला.

कुंडीखाली पाण्याची ताटली ठेवणाऱ्यांनी पावसाळ्यात ती दर दोन-तीन दिवसांनी ओतून घासावी, नाहीतर मुंग्या जातील आणि डेंग्यूचे डास येतील.

सदाशिव पेठेत जुना लाकडी वाडा आहे. पहिल्या पावसात चौकटीतून पंखवाल्या मुंग्या निघाल्या. वाडा धोक्यात आहे का?

त्या मुंग्या आहेत की वाळवी यावर सगळे अवलंबून आहे. एक पकडून पाहा. मुंगीची कंबर बारीक, मिशा कोपरासारख्या वाकलेल्या आणि पुढचे पंख मागच्यांपेक्षा मोठे असतात. वाळवीची कंबर सरळ, मिशा सरळ मण्यांच्या माळेसारख्या आणि चारही पंख सारख्या लांबीचे असतात. सकाळी खिडकीत नुसत्या गळलेल्या पंखांचा ढीग सापडला आणि भिंतीवर मातीच्या नळ्या दिसल्या तर वाळवीच समजा. मग घरगुती उपायांत वेळ घालवू नका, वाळवीचे काम करणाऱ्यांना दाखवा.

मुंगळे असतील तर ते लाकूड खात नाहीत, कुजलेल्या लाकडात पोखरून राहतात. लाकूड कशामुळे कुजले, ते आधी शोधा. बहुधा कौल फुटलेले असते किंवा पन्हळ चौकटीवर गळत असते. ते दुरुस्त करून लाकूड सुकू दिले की मुंगळ्यांना तिथे राहण्यात रस उरत नाही. अंगणात झाडाच्या बुंध्याशी असलेले मुंगळे राहू द्या, ते कुणाच्या अध्यात नसतात. वाड्यातले कुणी त्यांना पीठ-साखर घालत असेल तर पुण्य कुंपणाच्या पलीकडे मिळवायला सांगा. समोर पीठ-साखर असताना स्वयंपाकघरातले आमिष कुणी खात नाही.

बोअरच्या पंपाचा स्टार्टर सारखा बंद पडतो. इलेक्ट्रिशियन म्हणतो, आत मुंग्या मेल्या आहेत. हे खरे असते का?

असते. मुंग्या संपर्कबिंदूंच्या मध्ये चिरडल्या जातात, त्यांचा थर साचतो आणि पुढे जोडणी नीट होत नाही. घरातल्या स्विचबोर्डातही हेच घडते. पेटीत फवारा, पाणी किंवा रॉकेल घालू नका. शॉक आणि आग दोन्हींची भीती आहे. मेन स्विच बंद करून इलेक्ट्रिशियनकडून आतला भाग कोरड्या ब्रशने साफ करून घ्या. केबल आत येते ते भोक ग्लँडने (केबलभोवती घट्ट बसणाऱ्या कड्याने) किंवा पुट्टीने बंद करा, मुंग्या शंभरातून नव्वद वेळा तिथूनच शिरतात. बोरिकच्या आमिषाचे झाकण पेटीच्या बाहेर, हातभर अंतरावर, पावसाचे पाणी लागणार नाही असे ठेवा. पावसाळा संपेपर्यंत महिन्यातून एकदा पेटी उघडून पाहायला सांगा.