उपरोधाने साहित्यात अर्थ कसा घडतो?

आपण असे विचारले आहे की उपरोध, रूपक, पुनरुक्ती यांसारख्या साहित्यिक युक्त्यांमुळे कलाकृतीच्या अर्थात खरोखर काही फरक पडतो का, की लेखकाला सांगायचे ते आधीच ठरलेले असते आणि या युक्त्या म्हणजे त्यावर चढवलेला साज असतो. मराठीचे अध्यापन करताना हा प्रश्न मला वेगवेगळ्या रूपांत भेटत आला आहे आणि त्याचे मूळ बहुधा शाळेतच असते. ‘अलंकार ओळखा व त्याचे लक्षण लिहा’ या प्रश्नाचे गुण आपण सर्वांनीच मिळवलेले असतात, त्यामुळे नाव ओळखले की काम संपले अशी सवय जडते. वास्तविक आपल्याकडच्या जुन्या काव्यशास्त्राची दृष्टी याहून पुष्कळ रुंद होती. काश्मीरच्या कुंतकाने वक्रोक्तीला, म्हणजे वळण देऊन सांगण्याच्या रीतीला, काव्याचा प्राण मानले आणि वर्णरचनेपासून शब्द, प्रत्यय, वाक्य, प्रकरण आणि संपूर्ण प्रबंधापर्यंत तिचे सहा स्तर सांगितले. म्हणजे सांगण्यातला बाक एखाद्या ओळीपुरता नसून अख्ख्या नाटकाच्या बांधणीतही असू शकतो.

उपरोधाची प्रचलित व्याख्या ‘बोलायचे एक आणि सुचवायचे त्याच्या उलट’ अशी केली जाते. घरातल्या टोमण्यापुरती ती पुरेशी आहे, परंतु साहित्यात नेमका उलट अर्थ क्वचितच अभिप्रेत असतो. बोलणाऱ्याला आपल्या बोलण्यातले जेवढे कळते आणि ऐकणाऱ्याला जेवढे कळते त्यांत लेखकाने मुद्दाम अंतर ठेवलेले असते. ते अंतर कोठे पडते, केव्हा लक्षात येते आणि कोणाच्या अंगावर येते यावर अर्थ ठरतो. रूपक, पुनरुक्ती, नाटकातले नाटक, दुसऱ्याच्या तोंडून बोलणे ही सारी हे अंतर निर्माण करण्याची साधने आहेत.

एकनाथांचे ‘सत्वर पाव गे मला, भवानीआई रोडगा वाहीन तुला’ हे भारूड घ्या. बोलणारी सासुरवाशीण आहे. गावी गेलेल्या सासऱ्याला देवीने तिकडेच खपवावे, जाच करणाऱ्या सासूला लवकर निर्दाळावे, फडफड बोलणारी जाऊ बोडकी व्हावी, नणंदेच्या किरकिऱ्या पोराला खरूज व्हावी, असे तिचे मागणे एकेक पायरीने पुढे सरकते. यातला विनोद प्रमाणभंगाचा आहे. इतक्या जणांच्या मरणाच्या बदल्यात देवीला मिळणार आहे निखाऱ्यावर भाजलेला एक रोडगा! शिवाय मरणाच्या मागण्यांच्या रांगेत मध्येच खरूज येते, त्यामुळे ऐकणारा हसतो आणि बाईच्या भाबड्या दुष्टपणाला माफही करतो. जाऊ बोडकी होणे म्हणजे दीर मरणे, हा हिशेब मात्र ती बोलत नाही. तो ऐकणाऱ्याने मनातल्या मनात करायचा असतो. अखेर नवऱ्याचीही आहुती द्यायला ती तयार होते आणि मग शेवटची ओळ येते: ‘एका जनार्दनी सगळेचि जाऊं दे, एकटीच राहूं दे मला.’

या ओळीत कवीची मुद्रा आणि सुनेचा आवाज एकमेकांत मिसळतात. आतापर्यंत जे घरचे भांडण वाटत होते ते जीवाला चिकटलेल्या विकारांचे आणि नात्यागोत्यांच्या ओढीचे रूपक होते हे उमगते, आणि एकटी राहण्याची मागणी साधकाच्या एकांतापर्यंत, अद्वैतापर्यंत जाऊन पोहोचते. बाईला यातले काहीच ठाऊक नाही. तिला नुसती सुटका हवी आहे, पण तिच्या तोंडून मोक्षाची भाषा निघते. हाच अर्थ एकनाथांनी उपदेशाच्या ओवीत सांगितला असता तर श्रोत्याने मान डोलावली असती. इथे त्याला आधी सुनेच्या बाजूने हसवले जाते आणि मग तू जिला हसलास तीच तुझी वाट आहे असे दाखवले जाते. कार्यक्रमांत हे भारूड कधी कधी केवळ हशा पिकवण्यासाठी गायले जाते. त्यात शेवटची ओळ घाईने उरकली तर उरते ते फक्त सासू-सुनेचे भांडण, आणि मला ते फार दरिद्री वाटते.

नाटकात उपरोध अधिक कठोर होऊ शकतो, कारण तिथे प्रेक्षक जाणतो आणि पात्र जाणत नाही. विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ 1967 साली ‘रंगायन’ने अरविंद देशपांडे यांच्या दिग्दर्शनाखाली रंगमंचावर आणले; लीला बेणारेची भूमिका सुलभा देशपांडे यांनी केली होती. एक हौशी मंडळी अभिरूप न्यायालयाच्या प्रयोगासाठी गावात आली आहे. ठरलेला खटला अण्वस्त्रांबद्दल अमेरिकेच्या अध्यक्षांवर, जॉन्सन यांच्यावर, चालणार आहे. वेळ घालवायला आणि स्थानिक सामंताला कोर्टाची पद्धत कळावी म्हणून बेणारेवर भ्रूणहत्येचा लटका खटला सुरू होतो. जागतिक संहाराचा खटला बाजूला राहतो आणि एका अविवाहित शिक्षिकेच्या खाजगी आयुष्याची उलटतपासणी सगळ्यांना अधिक रुचते. नाटककाराने यावर एका शब्दाचे भाष्य केलेले नाही, त्याने फक्त दोन खटले शेजारी ठेवले आहेत.

या नाटकातली मला सर्वांत विलक्षण वाटणारी जागा सामंताच्या साक्षीची आहे. तो मंडळींत सर्वांत निरागस आहे, कोणाचे वाईट चिंतत नाही. साक्षीदार म्हणून काहीतरी सांगायला हवे म्हणून तो हातातल्या कादंबरीतला प्रसंग बेणारेच्या नावावर खपवतो, आणि ती बनावट साक्षच नेमकी वर्मी लागते. न्यायासनावर आणि वकिलाच्या जागी बसलेले लोक स्वतः आयुष्यात अपेशी ठरलेले आहेत हे आपल्याला आरंभीच, बेणारेच्याच थट्टेतून, कळलेले असते. त्यामुळे वकील झालेल्या सुखात्म्यांचे भारदस्त वकिली मराठी जितके चढत जाते तितके ते पोकळ वाजते. बेणारेचे दीर्घ स्वगत चालू असताना इतर पात्रे निश्चल झालेली असतात, म्हणजे तिची बाजू फक्त प्रेक्षक ऐकतो. त्यानंतर निकाल येतो: ज्या कोर्टाने भ्रूणहत्येचा आरोप ठेवला तेच तिच्या पोटातला गर्भ नष्ट करण्याची शिक्षा फर्मावते. ही विसंगती एखाद्या पात्राने बोलून दाखवली असती तर ती मत ठरली असती. इथे ती निवाड्याच्या भाषेत येते, म्हणून आपल्याला तिच्यापासून अंग काढून घेता येत नाही.

गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’चा (1919) उल्लेख ओझरताच करतो, कारण तिथला उपरोध शीर्षकातच उघड आहे: प्यायला बसणारा प्रत्येक जण ‘एकच’ म्हणतो आणि प्रेक्षकाला मोजणी ठाऊक असते. तळीरामाच्या आर्यमदिरामंडळात, म्हणजे दारुड्यांच्या मंडळात, सुधारकी सभांच्या भाषेचे विडंबन आहे आणि ते आजही ताजे वाटते.

उपरोध ओळखावा कसा, हाही आपला प्रश्न होता. अनेकदा तो ठामपणे ओळखता येत नाही, आणि हा वाचकाचा दोष असतोच असे नाही. तुकोबांचा ‘बरें जालें देवा निघालें दिवाळें, बरी या दुष्काळें पीडा केली’ हा अभंग पाहा. दिवाळे निघाले, बायको कर्कशा मिळाली, जनांत अपमान झाला, धन आणि गुरेढोरे गेली, आणि प्रत्येक आघातापुढे तोच ‘बरें’ येतो. पहिल्यांदा तो कडवट वाटतो, देवाला मारलेला टोमणा वाटतो. पण पुनरुक्तीचा गुण असा की तोच शब्द चौथ्या-पाचव्या वेळी ऐकू येतो तेव्हा टोमण्याची धार टिकत नाही. तो हळूहळू स्वीकार होऊ लागतो, कारण अनुतापाने तुझे चिंतन राहिले आणि संसाराचे वमन झाले, असे कारणही सोबत दिलेले आहे. भक्त म्हणून वाचणारा ते प्रामाणिक मानेल, 1630च्या दुष्काळाची हकीकत डोळ्यांपुढे ठेवणाऱ्याला त्यात जखम दिसेल. मी दोन्ही वाचने सोडत नाही, कारण अभंगाची अखेर मला तसे करू देत नाही. लेकरे-बाईल यांची आपण उपेक्षा केली हे सांगून लगेच तुकोबा एकादशीच्या व्रताचा, उपवासाचा आणि जागरणाचा उल्लेख करतात. दुसऱ्या एका अभंगात त्यांनीच सांगितले आहे की दुष्काळात त्यांची एक बायको ‘अन्न अन्न’ करीत मेली. ज्या घरात उपासमारीने माणूस गेले त्या घरात व्रताचा उपवास ‘बरा’ म्हणून मोजणे ही पराकोटीची निष्ठा असेल किंवा स्वतःवरच केलेला पराकोटीचा उपरोध असेल, आणि या ओळी दोन्हींचा भार पेलतात.