फ्रान्स आणि जर्मनीच्या ऊर्जा क्षेत्रातल्या उत्सर्जनात फरक दुपटीचा की सहापटीचा?

ऊर्जा क्षेत्रातल्या हरितगृह वायूंच्या उत्सर्जनात जर्मनी फ्रान्सच्या कुठे दुप्पट दिसते, तर कुठे सहापट. हे दोन्ही आकडे बरोबर आहेत. 'ऊर्जा क्षेत्र' या नावाखाली काय काय धरलंय, ते मात्र दोन्हीकडे वेगळं आहे.

देश दरवर्षी संयुक्त राष्ट्रांना जो उत्सर्जनाचा ताळेबंद देतात, त्यात आयपीसीसीचा (संयुक्त राष्ट्रांची हवामानबदलावरची वैज्ञानिक समिती) वर्ग १ म्हणजे ऊर्जा. जिथे जिथे इंधन जळतं ते सगळं यात येतं: वीजकेंद्रं, रिफायनरी, कारखान्यांचे बॉयलर, मोटारी, घरांचं हीटिंग. शिवाय खाणी आणि गॅसवाहिन्यांतून गळणारा मिथेनही. या हिशेबाने जर्मनी फ्रान्सच्या दुपटीहून थोडी वर जाते. जर्मनीच्या हवामान कायद्यातलं ऊर्जा क्षेत्र मात्र साधारण वर्ग १.ए.१ एवढंच, म्हणजे वीज, सामूहिक उष्णतापुरवठा आणि रिफायनरी. २०२३ मध्ये ते सुमारे २०.५ कोटी टन होतं, फ्रान्सचं सुमारे ३.५ कोटी. सहापट ती इथली. लोकसंख्येने (८.४ आणि ६.८ कोटी) भागलं की दरडोई २.४ आणि ०.५ टन उरतात, म्हणजे जवळपास पाचपट. तुलना करायची तर हाच आकडा घ्या.

एवढा फरक पडतो तो मुख्यतः जर्मनीतल्या कोळशामुळे, त्यातही लिग्नाइट या तपकिरी, हलक्या प्रतीच्या कोळशामुळे. एक मेगाज्यूल उष्णतेमागे लिग्नाइट सुमारे १०१ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सोडतं, नैसर्गिक वायू ५६ ग्रॅम. एका युनिटमध्ये ३.६ मेगाज्यूल असतात. केंद्राची कार्यक्षमता ३८ टक्के धरली तर १०१ × ३.६ ÷ ०.३८, म्हणजे युनिटमागे सुमारे ९५७ ग्रॅम. ५५ टक्के कार्यक्षमतेच्या गॅस केंद्राचे ३६७. म्हणूनच २०२३ मध्ये जर्मनीतला निम्म्याहून जास्त वीजवापर नवीकरणीय स्रोतांतून भागला, तरी तिथल्या विजेची सरासरी युनिटमागे ३८० ग्रॅमच्या आसपासच राहिली. फ्रान्सची थेट उत्सर्जनाची सरासरी त्या वर्षी ३२ ग्रॅम होती, कारण तिथली सुमारे ६५ टक्के वीज अणुभट्ट्यांतली. फ्रान्ससाठी कुठे ५०-६० ग्रॅम दिसले, तर तो बहुधा खाणकाम आणि बांधकाम धरून काढलेला जीवनचक्राचा आकडा असतो. एका देशाचा थेट आणि दुसऱ्याचा जीवनचक्राचा, अशी सरमिसळ फार होते.

एकाच वर्षावर विसंबू नका, निदान पाच वर्षांची सरासरी घ्या. २०२२ मध्ये पाइपांना तडे सापडल्याने फ्रान्सच्या बऱ्याच अणुभट्ट्या बंद होत्या. अणुवीज २७९ अब्ज युनिटांवर घसरली आणि एरवी वीज विकणारा देश ती विकत घेऊ लागला. आयात विजेचा धूर मात्र ज्या देशात इंधन जळलं त्याच्याच खात्यात पडतो.

लाकूड आणि बायोगॅसचा कार्बन डायऑक्साइड ऊर्जेच्या बेरजेत धरत नाहीत, वेगळा नोंदवतात. आंतरराष्ट्रीय विमानं-जहाजांच्या इंधनाचंही तसंच. मिथेनचं उत्सर्जन कार्बन डायऑक्साइडच्या मापात मांडायला वापरतात तो गुणक जुन्या अहवालांत २५, नव्यांत २८ आहे. त्यामुळे सगळी वर्षं ताज्या अहवालातूनच घ्या, त्यात मागचे आकडेही सुधारलेले असतात.

आणि वाहतुकीचा रकाना जरूर पाहा. तिथे दरडोई दोघेही पावणेदोन-दोन टनांच्या घरात आहेत, फ्रान्स किंचित वरच. अणुवीज भरपूर असली तरी फ्रान्समधल्या बहुतेक गाड्या अजून पेट्रोल-डिझेलवरच चालतात.