याद्या बाजूला ठेव, मुलांना विचार

प्रिय पोरी,

शाळेच्या ग्रंथालयासाठी 5000 रुपये आलेत, केंद्रशाळेतून पुस्तकांची एक यादी आली आहे, मुख्याध्यापकांची दुसरी आहे आणि तुझं मन दोन्हींवर बसत नाही. तुझा फोन झाल्यापासून मला चैन नाही, म्हणून लिहितेय. दोन्ही याद्या बाजूला ठेव. मुलांना विचार.

'मुलांना काय कळतं' हे मी नोकरीभर ऐकलं. काय आवडतं ते त्यांना नेमकं कळतं, आणि पहिलं आवडल्याशिवाय तिसरीतलं पोर दुसरं पुस्तक हातात घेत नाही. थोरांची चरित्रं, संस्कारकथा, शेवटी चौकटीत छापलेलं तात्पर्य, यांनी कपाटं भरतात, कारण ती विकत घेणाऱ्या मोठ्यांना आवडतात. मुलं त्यांना हात लावत नाहीत. मग आपणच म्हणायचं, हल्लीची मुलं वाचत नाहीत!

विचार म्हणजे वर्गात उभं राहून 'कोणतं पुस्तक हवं' असं नव्हे. तुला आवडेल तेच उत्तर ती देतील, त्यात ती पटाईत असतात. 1971 पासून निघणाऱ्या 'किशोर' मासिकाचे जुने अंक बालभारतीने इंटरनेटवर फुकट ठेवलेत. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर पातळीनुसार लावलेल्या मराठी गोष्टी आहेत, त्याही फुकट. त्यातल्या पंधरा-वीस छापून घे, वर्गात सुतळी बांध आणि मुखपृष्ठ दिसेल अशा लटकव. कपाटात नुसता कणा दिसतो, तो बघून कुठलं मूल पुस्तक उचलतं? मग आठवडाभर बघत राहा. कोणतं दोरीवर टिकत नाही, कशाचे कोपरे दुमडले, कशावरून दोघी भांडल्या, कोणतं दोन मिनिटांत परत लटकलं. ते दोन मिनिटांत परत आलेलं तुला कितीही आवडो, तसलं विकत घ्यायचं नाही. इथे मी हट्टी आहे.

माझ्या वर्गातला एक मुलगा पक्ष्यांचं एकच चित्रपुस्तक पावसाळाभर घरी नेत होता. सुगरणीच्या घरट्यावर बोट ठेवायचा, खालच्या दोन ओळी पुटपुटायचा, पान काही उलटायचा नाही. तपासणीला आलेल्या साहेबांनी देवघेव वहीत तेच नाव ओळीने पाहिलं आणि मला झापलं. मी पुस्तक काढून घेतलं नाही. आजही घेतलं नसतं. ओळी त्याला पाठ झाल्या होत्या, कबूल. पण पाठ ओळींवरूनच तो अक्षर धरायला लागला, आणि 'सुगरण'मधला ग त्याला एक दिवस फळ्यावरच्या 'गवत'मध्ये दिसला. साहेबांच्या तक्त्यात याला रकाना नव्हता.

ग्रंथालयतज्ज्ञ रंगनाथनांनी 1931 मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यातला एक, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक. तुझ्या साहेबांना नाही पटलं तर हे ऐकव.

तुझ्या वर्गातली मुलं घरी अहिराणी बोलतात, तेव्हा भाषेकडे जास्त लक्ष दे. प्रत्येक पुस्तकाचं एक पान मोठ्याने वाचून बघ. तुझी जीभ अडखळली तर त्यांची दुप्पट अडखळेल. माधुरी पुरंदरे यांच्या यशच्या गोष्टींत माणसं घरात बोलतात तशी बोलतात. विंदांच्या बालकविता घे, तालाच्या ओघात पोरं न येणारं अक्षरही वाचून जातात. वरच्या वर्गातल्या मुलांना भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा फास्टर फेणे वाचून दाखव, आणि तो पुरता संकटात सापडला की पुस्तक मिटून टेबलावर ठेव. मधल्या सुट्टीत ते टेबलावर राहत नाही. पण हीसुद्धा माझ्या शब्दावर विकत घेऊ नकोस. माझी आवडही मोठ्या माणसाचीच. कुणाकडून तरी उसनी आण, दोरीवर लाव, मुलांना विचार.

केंद्राच्या यादीतली दोन-चार घ्यावी लागतील, घे. त्यावरून भांडत बसू नकोस. सगळे पैसे एकदम खर्चू नकोस, थोडे दिवाळीनंतरसाठी ठेव, तोवर मुलांची आवड सरकलेली असेल. आणि ज्यावरून भांडणं होतात त्या पुस्तकाच्या तीन प्रती घ्यायला कचरू नकोस. एकाच पुस्तकावर इतके पैसे का घातले असं कुणी विचारलंच, तर देवघेव वही पुढे कर.

तुझी,
बाई