एसएसएटी की आयएसईई?

प्रश्न: ताई, आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. लेक आठवीत आहे, नववीला समिटच्या केंट प्लेससारख्या फक्त मुलींच्या प्रायव्हेट शाळेत टाकायचं चाललंय. प्रवेशासाठी एसएसएटी आणि आयएसईई अशा दोन परीक्षा आहेत म्हणे, त्यातली कुठली द्यायची? आणि फी बघून तर पोटात गोळाच आला!

उत्तर: अगं, केंट प्लेस १८९४ पासूनची शाळा, फी कशी कमी असेल! परीक्षेचं म्हणशील तर कुठली चालते, लागते तरी का, हे आधी त्या-त्या शाळेला विचार. एसएसएटीच्या वरच्या लेव्हल्सना चुकीच्या उत्तराला पाव मार्क कापतात, आयएसईईत काहीच कापत नाहीत, म्हणजे तिथे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. निबंधाला दोन्हीकडे मार्क नसतात म्हणून पोरं तो उरकून टाकतात, पण त्याची कॉपी थेट शाळेकडे जाते आणि अर्जातला निबंध बाबांनी 'सुधारला' असेल तर तिथेच पितळ उघडं पडतं (आपल्याकडचे बाबा सुधारतातच). इंटरव्ह्यूत आईबाबांनाही बोलावलं तर लेकीला बोलू द्या. फायनान्शियल एडचा (फीसाठीच्या मदतीचा) फॉर्म मात्र अर्जासोबतच भर, अ‍ॅडमिशन झाल्यावर बघू म्हणालीस तर तोवर बरेचसे पैसे वाटून झालेले असतात.