स्टॉर्म लेकला यायचं की नाही?

नमस्कार,

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मिस्टरांची डेट्रॉईटमधली रेसिडेन्सी (डॉक्टरकीचं पुढचं प्रशिक्षण) संपते आहे, जे-१ वेव्हरवर, म्हणजे जे-१ व्हिसावरच्या डॉक्टरला मायदेशी परतण्याच्या अटीतून मिळणाऱ्या सवलतीवर, त्यांना अमेरिकेतल्या आयोवा राज्यात स्टॉर्म लेकमध्ये तीन वर्षांची नोकरी मिळते आहे, आणि तुम्ही आठ वर्षांच्या मुलीला घेऊन नाशिकहून थेट तिथे यायचं का? लोकसंख्या अकरा हजार वाचून पोटात गोळा आला, गाव गोऱ्या शेतकऱ्यांचं असेल, मुलगी एकटी पडेल, असं तुम्ही लिहिलंय. मी याच गावात राहते आणि माझी मुलं इथल्याच शाळेत वाढली. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

आधी त्या अकरा हजारांचं. 2020 च्या जनगणनेत गावाची लोकसंख्या 11,269 होती. 1990 मध्ये ती 8,769 होती, 2000 मध्ये 10,076, 2010 मध्ये 10,600. तुम्हाला आकडा लहान वाटेल, पण इथल्या माणसाला त्यातली वाढ दिसते, कारण आजूबाजूला सगळीकडे घटच आहे. शेजारच्या सॅक काउंटीत (काउंटी म्हणजे राज्याचा एक प्रशासकीय विभाग) 1940 च्या सुमारास सतरा हजारांवर माणसं होती, 2020 मध्ये 9,814 उरली. पोकाहोंटस काउंटीत आता सात हजारच्या आसपास आहेत. त्या गावांतून गाडी नेलीत तर मुख्य रस्त्यावर दुकानांच्या काचांना आतून कागद लावलेले दिसतील, तीन-तीन गावांच्या शाळा मिळून एक झालेली दिसेल. यंत्रं मोठी होत गेली, एकेक शेतकरी हजार-दोन हजार एकर कसायला लागला आणि पोरं शहरात गेली. त्यात 1980 च्या दशकातलं शेतीचं संकट: व्याजदर चढले, जमिनीचे भाव कोसळले, कर्जापायी शेतं लिलावात गेली. स्टॉर्म लेकही त्याच वाटेनं गेलं असतं. ते का गेलं नाही, हे समजलं की गाव समजलं.

ही जमीन मुळात डकोटा लोकांची. 1851 च्या करारांनी त्यांच्याकडून ती सरकारनं घेतली. त्याच साली काउंटी आखली गेली आणि मेक्सिकोविरुद्धच्या 1847 च्या लढाईवरून तिला ब्वेना व्हिस्टा हे नाव मिळालं. रेल्वे 1870 मध्ये आली आणि तळ्याकाठी गाव आखलं गेलं. 1878 मध्ये काउंटीची कचेरी इथे आली, म्हणजे आपल्या हिशेबात तालुक्याचं ठिकाण झालं. 1891 मध्ये प्रेस्बिटेरियन चर्चनं कॉलेज काढलं, तेच आजचं ब्वेना व्हिस्टा विद्यापीठ. जर्मन, स्वीडिश, आयरिश कुटुंबं येऊन वसली. पाणथळ गवताळ रानाखाली मातीच्या नळ्या पुरून पाण्याचा निचरा केला आणि काळीभोर जमीन मक्याखाली आणली. शंभर वर्षं गाव असंच चाललं.

वळण आलं ते डुकराच्या मांसाच्या कारखान्यामुळे. हायग्रेड नावाच्या कंपनीचा जुना कारखाना होता. युनियन होती, पगार चांगले होते, एका पगारावर घर चालायचं. 1981 मध्ये तो बंद पडला. दुसऱ्याच वर्षी आयबीपी कंपनीनं तो घेऊन सुरू केला, पण युनियनशिवाय आणि बऱ्याच कमी पगारावर. जुन्यांपैकी अनेकांना ते काम नको होतं. ती जागा भरली आधी लाओसच्या लोकांनी. 1975 मध्ये आयोवाचे गव्हर्नर रॉबर्ट रे यांनी ताई दाम जमातीच्या निर्वासितांना राज्यात आसरा दिला होता, त्यांच्या पाठोपाठ लाओसची आणखी कुटुंबं आली. मग मेक्सिकोतल्या हालिस्को राज्यातून माणसं आली. एकानं भावाला बोलावलं, भावानं मेव्हण्याला, आपल्याकडे एका गावची माणसं मुंबईत एकाच गिरणीला लागायची तसंच. पुढे मध्य अमेरिका, सुदान, ब्रह्मदेश, मायक्रोनेशियाची बेटं. 2001 मध्ये आयबीपी ही टायसन या मांसाच्या मोठ्या कंपनीनं विकत घेतली. टर्की पक्ष्याच्या मांसाचा दुसरा कारखानाही आता त्यांचाच.

त्यामुळे गोऱ्या शेतकऱ्यांचं गाव ही कल्पना काढून टाका. गावात एक तृतीयांशाहून जास्त लोक हिस्पॅनिक, म्हणजे मूळ स्पॅनिशभाषक देशांतले, आहेत. शाळेत तर गोरी मुलं अल्पसंख्य आहेत आणि वीसहून अधिक भाषा घरी बोलणारी मुलं एका इमारतीत बसतात. तुमची मुलगी वर्गात एकटी मराठी असेल हे खरं. पण इंग्रजी न येता आलेलं मूल इथल्या शिक्षकांना नवं नाही, आणि डब्यात वेगळं काही आणलं म्हणून कुणी वळून बघत नाही. मोठ्या शहराच्या उपनगरात गेलात तरी ही सवय असलेली शाळा मिळेलच असं नाही.

आता जे मला मनापासून सांगायचंय ते. कारखान्यातलं काम फार कष्टाचं आहे. थंडगार हॉलमध्ये, सरकत्या पट्ट्यापाशी, हातात सुरी, तोच एक काप तासन् तास. मनगटं, खांदे जातात. तुमच्या मिस्टरांकडे जे पेशंट येतील त्यांत ही माणसं खूप असतील. मे 2020 मध्ये कारखान्यातल्या 2,517 कामगारांची कोविड चाचणी झाली, त्यात 555 जणांना लागण झालेली निघाली. देशाला मांस हवं म्हणून कारखाने चालू ठेवले होते. 1996 मध्ये इमिग्रेशनवाल्यांचा छापाही पडला होता, त्याची धास्ती जुन्या कुटुंबांत अजून आहे. आपण एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या कागदांवर, डॉक्टरचं कुटुंब म्हणून, चांगल्या वस्तीत येतो. परके आपणही आणि तेही, पण आपली वाट सोपी असते. मिस्टरांना आत्तापासून स्पॅनिश शिकायला लावा. दुभाषी मिळतो, पण कुठे दुखतं हे आपल्या भाषेत विचारलं की आजीबाई मोकळ्या होतात.

खाण्यापिण्याचं. वॉलमार्ट, हायव्ही, फेअरवे ही दुकानं आहेत, पण आपला जीव रमतो तो लाओ आणि मेक्सिकन दुकानांत. कोथिंबिरीच्या जुड्या, हिरव्या मिरच्या, नारळाचं दूध, पपई, वाळलेल्या लाल मिरच्यांच्या पिशव्या, सगळं मिळतं. मेक्सिकन बेकरीत दारातच गोल थाळी आणि चिमटा घ्यायचा, काचेच्या कपाटातून हवे ते पाव आपणच उचलायचे आणि थाळी गल्ल्यावर द्यायची. तुम्ही शाकाहारी आहात म्हणून एक सांगते: घोटलेल्या राजम्यात आणि मैद्याच्या तॉर्तियात (मेक्सिकन पोळीत) बरेचदा डुकराची चरबी घालतात. पाकिटावर ‘लार्ड’ किंवा ‘मान्तेका’ लिहिलंय का बघा आणि हॉटेलात विचारा, कुणी रागावत नाही. तूरडाळ, पोहे, हिंग यांसाठी मात्र ओमाहा किंवा डे मॉइन, दोन्हीकडे अडीच तास गाडी. डे मॉइनजवळ मॅड्रिड गावी मोठं हिंदू मंदिर आहे, तिकडे गेलात की किराणाही करून या. सू सिटी दीड तासावर.

हिवाळा कडक. पारा उणे वीस सेल्सिअसच्या खाली जातो आणि सपाट मुलखात वाऱ्याला अडवायला काही नाही. तळं गोठतं, लोक त्यावर तंबू ठोकून मासे पकडतात. वारा फिरला की कारखान्याचा आणि डुक्करगोठ्यांचा वास येतो. आयोवात माणसांच्या सातपट डुकरं आहेत, हे लक्षात ठेवूनच या.

तळ्याचंही नीट ऐका. शेतांतली माती वाहून ते उथळ झालं होतं, 2002 पासून अनेक वर्षं गाळ उपसला. खतांतलं नायट्रेट निचऱ्याच्या नळ्यांतून उत्तर रकून नदीत जातं, आणि तेच पाणी पुढे डे मॉइनला पितात. 2015 मध्ये डे मॉइनच्या पाणीपुरवठा संस्थेनं आपल्या काउंटीसह तीन काउंट्यांवर खटला भरला, 2017 मध्ये तो फेटाळला गेला. काउंटीच्या वकिलांचे पैसे कोण भरतंय, हे इथल्या ‘स्टॉर्म लेक टाइम्स’नं (आताचं ‘स्टॉर्म लेक टाइम्स पायलट’) लावून धरलं आणि संपादक आर्ट कलन यांना पत्रकारितेचं 2017 चं पुलित्झर पारितोषिक मिळालं. गावाला कडू बोलणारं वर्तमानपत्र गावातच आहे आणि लोक ते वर्गणी भरून वाचतात, याचा मला फार अभिमान आहे. आल्या आल्या ते लावा. गावात कुणाचं काय चाललंय ते त्यातूनच कळेल.

तुमच्या नोकरीचं स्पष्ट सांगते. एच-४ वर, म्हणजे एच-१बीवाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, मिस्टरांची आय-१४० (ग्रीन कार्डसाठी नोकरी देणाऱ्यानं करायचा अर्ज) मंजूर होईपर्यंत काम करता येत नाही. मंजुरीनंतर परवान्यासाठी अर्ज करता येतो, पण तो लगेच हातात पडत नाही. शिकता मात्र येतं, आयोवा सेंट्रल कम्युनिटी कॉलेजची शाखा गावातच आहे. नोकरीच्या करारावर सही करण्यापूर्वी मिस्टरांनी ग्रीन कार्डचा अर्ज दवाखाना कधी सुरू करणार ते लेखी घ्यावं. तीन वर्षं बघता बघता जातात. गाडी तुम्हालाही चालवावी लागेल, इथे बस-रिक्षा नाही.

माझं मत विचाराल तर या. पण जानेवारीत नको. आयोवात शाळा 23 ऑगस्टच्या आधी उघडत नाहीत, तेव्हा जुलैअखेर पोहोचा. मुलीच्या लसीकरणाचे कागद इंग्रजीत करून सोबत ठेवा. घर आधी भाड्यानंच घ्या, आणि गाडी आत ठेवायला गॅरेज आहे ना ते बघून घ्या.