सांगण्यासारखे काही घडतच नाही

"तसा त्रास काही नाही, पण सगळे दिवस सारखेच जातात." हे वाक्य मी समुपदेशनासाठी माझ्यासमोर बसलेल्या माणसांकडून इतक्यांदा ऐकले आहे की, पहिले दोन शब्द कानावर पडताच पुढचे काय असणार हे मला ठाऊक असते. नोकरी चालू असते, घरातली माणसे बरी असतात, मोठी चिंताही नसते. पण आठवडा संपला की तो कुठे गेला हे सांगता येत नाही. या मंडळींना एक संकोचही असतो. खरे दुःख असणाऱ्यांची वेळ आपण फुकट खातो आहोत, असे त्यांना वाटते आणि त्यामुळे ती फार उशिरा येतात.

अशांपैकी एका गृहस्थांची हकीकत त्यांच्या परवानगीने सांगते. ओळख पटू शकेल असे तपशील अर्थातच बदलले आहेत. वय चाळिशीच्या पुढे, काम हिशेब तपासण्याचे, बोलणे मोजके.

"मॅडम, मी उदास नाही," त्यांनी सुरुवातीलाच बजावले. "पण संध्याकाळी बायको विचारते, आज काय झालं? मी म्हणतो, काही नाही. आणि खरंच काही झालेलं नसतं."

झोप, भूक, कामातले लक्ष, जगण्याविषयीचे विचार यांची चौकशी मी आधी सविस्तर केली, कारण ती केल्याशिवाय पुढे जाणे मला योग्य वाटत नाही. तिथे काळजीचे काही आढळले नाही. मित्रांच्या सल्ल्यावरून ते सहकुटुंब लांबच्या प्रवासालाही जाऊन आले होते. प्रवासात छान वाटले, पण परतल्यावर सगळे पूर्ववत झाले, असे त्यांचे म्हणणे होते. रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी लिहिण्याचा प्रयोगही त्यांनी करून पाहिला होता.

"घर, तब्येत, मुलगी. दुसऱ्या दिवशी पुन्हा घर, तब्येत, मुलगी. नंतर आपणच आपल्याला खोटं प्रमाणपत्र देतोय असं वाटायला लागलं."

तो प्रयोग वाईट नाही, अनेकांना त्याचा उपयोग झालेला मी पाहिला आहे. या गृहस्थांची अडचण निराळी होती. दिवसभर इतरांच्या नोंदी ग्राह्य की अग्राह्य ठरवणारा हा माणूस रात्री स्वतःच्या दिवसालाही तीच कसोटी लावत होता. एखादी गोष्ट बरी वाटली न वाटली तोच 'पण हे मोजण्याइतके आहे का?' हा प्रश्न उभा राहायचा आणि नोंद बाद व्हायची. आनंद झाला का, असे थेट विचारले की अशी माणसे आनंदाची पावती शोधू लागतात, आणि ती सापडेपर्यंत तो क्षण निघून गेलेला असतो.

मी कृतीपासून सुरुवात करणाऱ्यांच्या परंपरेतली आहे. मन प्रसन्न होण्याची वाट पाहत बसू नये, दिवसात काय करतो आणि कशाकडे पाहतो ते आधी बदलावे, मन मागून येते, हा विचार १९७० च्या दशकात पीटर ल्युइनसोन या मानसशास्त्रज्ञाने नैराश्यावरच्या उपचारांत रुजवला, आणि इतक्या वर्षांच्या कामानंतर माझा त्यावरचा विश्वास वाढलेलाच आहे. म्हणून मी त्यांना आनंदाचा विषयच बंद करायला सांगितले.

"एक आठवडा फक्त एवढंच लिहा, की कालपर्यंत ठाऊक नव्हतं असं आज काय लक्षात आलं. एक ओळ पुरे. ती गोष्ट महत्त्वाची असायला नको, उपयोगाची असायला नको. आणि 'आनंद' हा शब्द त्या कागदावर नको."

"काहीच कळलं नाही तर?"

"तर 'नाही' असं लिहा. कोरा कागद चालेल, ठोकून दिलेली नोंद चालणार नाही."

ही शेवटची अट त्यांना मनापासून पटल्याचे चेहऱ्यावर दिसले. नोंद रात्री न करता लक्षात येईल तेव्हाच करायची, हेही मी आवर्जून सांगितले. रात्रीपर्यंत मनाची छाननी होऊन गेलेली असते आणि उरते ती केवळ ठळक घटनांची यादी.

पुढच्या भेटीत त्यांनी घडी घातलेला कागद काढला आणि बैठकीचे इतिवृत्त वाचावे तसा वाचू लागले. सुरुवातीला 'नाही' होते, मग "दाराचं कुलूप" एवढेच वाचून ते पुढच्या ओळीकडे वळले. मी त्यांना थांबवले आणि कुलपाचे काय, असे विचारले.

त्यांच्या घराच्या मुख्य दाराच्या कुलपात किल्ली अडकत असे, आणि हे कित्येक वर्षे चालले होते. रोज संध्याकाळी दोन-तीन झटके दिल्याशिवाय दार उघडत नसे. कुलूप बदलायचे आहे, असे घरातले सगळेच म्हणत आणि विसरून जात. त्या दिवशी किल्ली फिरवताना त्यांनी सहज दाराची मूठ धरून दार किंचित वर उचलले, आणि किल्ली अलगद फिरली. बिजागऱ्यांपाशी दार थोडे उतरले होते, त्यामुळे कुलपाचा दांडा चौकटीतल्या पट्टीला घासत होता. कुलपात दोष नव्हताच. हे सांगताना ते खुर्चीत पुढे सरकले होते. डावा हात अदृश्य मूठ वर उचलत होता आणि उजव्या हाताची दोन बोटे किल्ली फिरवत होती.

"मग?" मी विचारले.

"मग काय, आत गेलो. म्हणजे, लगेच नाही. पुन्हा बंद केलं, पुन्हा उघडलं. चार-पाच वेळा."

"कशासाठी?"

ते थांबले. उत्तर शोधताना त्यांचा उजवा हात अजून तसाच हवेत होता. "मजा वाटली," ते म्हणाले, आणि आपणच काय बोललो हे ऐकून मोठ्याने हसले. मग नेहमीची कसोटी परत आली. "पण हे काय सांगण्यासारखं आहे?"

"आत्ता सांगताना तुमचे हात पाहिलेत?"

त्यांनी खरोखरच हातांकडे पाहिले. आमच्या एकूण भेटींमधला हा क्षण मला सर्वांत मोलाचा वाटतो. मी काहीही समजावले नव्हते. बंदी घातलेली गोष्ट त्यांच्या तोंडून आपणहून आली होती. सुखाकडे थेट जाणारी वाट ज्यांची बंद झालेली असते, त्यांना कुतूहलाची वाट बहुधा मोकळी असते, असे माझे मत तेव्हापासून पक्के झाले. कुतूहलाला लायकी सिद्ध करावी लागत नाही. कुलूप का अडते, हे कळणे क्षुल्लक असले तरी खरे असते, आणि हिशेब तपासणाऱ्या मनाला खरी नोंद नाकारता येत नाही.

उरलेल्या ओळी त्यांनी मग सावकाश वाचल्या. शेजारच्या टेबलावरचे सहकारी बेरीज जुळली की हळूच शीळ घालतात, हे इतकी वर्षे शेजारी बसूनही त्यांना ठाऊक नव्हते. सकाळी थोडा वेळ स्वयंपाकघराच्या भिंतीवर उजेडाचा एक चौकोन पडतो, आणि तो सूर्याचा थेट प्रकाश नसून समोरच्या खिडकीच्या काचेवरून परतलेला असतो. कुणी ती खिडकी उघडली की चौकोन भिंतीवरून सरकतो. मुलगी जिना चढताना शेवटच्या दोन पायऱ्या एकदम चढते. या शेवटच्या नोंदीवर ते काही बोलले नाहीत, आणि मीही विचारले नाही.

मोठ्या घटनांनी असे दिवस भरून निघतील, ही अपेक्षा फार जणांची असते. फिलिप ब्रिकमन आणि सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये लॉटरीचे मोठे बक्षीस लागलेल्या २२ जणांची इतरांशी तुलना केली, तेव्हा मित्राशी गप्पा, विनोद ऐकणे, न्याहारी यांसारख्या रोजच्या गोष्टींतला आनंद विजेत्यांना कमी वाटत असल्याचे दिसले. अभ्यास लहान होता, त्यावरून फार ताणू नये. पण प्रवासाहून परतून माझ्याकडे आलेल्या अनेकांच्या बोलण्याशी तो जुळतो. प्रवास जरूर करावा. रोजच्या दिवसावरचा इलाज म्हणून मात्र करू नये.

दुसऱ्या आठवड्याला मी एकच भर घातली: रोजची ओळ घरात कुणाला तरी सांगायची. चांगली गोष्ट दुसऱ्याला सांगितली आणि त्याने ती मन लावून ऐकली, तर त्या गोष्टीपलीकडचाही आनंद मिळतो, असे शेली गेबल आणि सहकाऱ्यांच्या २००४ च्या अभ्यासांत आढळले आहे. घरच्यांना माझे सांगणे इतकेच, की अशा वेळी "बरं" म्हणून विषय संपवू नका, एक प्रश्न विचारा. कुलपाची गोष्ट ऐकल्यावर पत्नीने विचारले, "दाखवा बरं." दोघे दाराबाहेर उभे राहिले, तिला जमेना, आणि तिथे बराच वेळ गेला, असे त्यांनी मला तक्रारीच्या सुरात सांगितले. ती तक्रार नव्हती, हे त्यांनाही कळत होते.

हा उपाय सर्वांसाठी नाही. दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ दिवसाचा बहुतेक वेळ कशातच रस वाटत नसेल, झोप किंवा भूक बिघडली असेल, सतत थकवा असेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर वही बाजूला ठेवून डॉक्टरांना किंवा मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे, आणि शेवटचे लक्षण असल्यास त्याच दिवशी भेटावे. अशा अवस्थेत 'लक्ष देऊन पाहा' असे कुणी सांगणे क्रूरपणाचे ठरते.

इतरांनी हा प्रयोग एका आठवड्यापुरताच करावा. पुढे रेटला की त्याचे कर्तव्य होते, आणि मग माणसे कागद भरण्यासाठी शोध लावू लागतात. आठवडा झाला की कागद ठेवून द्यावा आणि तीन महिन्यांनी वाचावा. टिंग झँग आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये विद्यार्थ्यांना नुकतेच झालेले संभाषण, अलीकडे ऐकलेली गाणी अशा साध्या गोष्टी लिहून ठेवायला लावल्या होत्या. तीन महिन्यांनी त्या वाचताना वाटलेले कुतूहल विद्यार्थ्यांच्या स्वतःच्या अंदाजापेक्षा जास्त निघाले, आणि त्यांच्याच इतर प्रयोगांत हा फरक विशेष प्रसंगांपेक्षा सामान्य प्रसंगांत अधिक दिसला.

आमच्या गृहस्थांनी तीन महिन्यांनी कागद वाचला आणि मला फोन केला. कुलपाची ओळ त्यांना आता फारशी वाटली नाही. बिजागऱ्या दुरुस्त झाल्या होत्या. ते बोलत राहिले ते शेवटच्या नोंदीविषयी, कारण दरम्यान मुलगी एकेक पायरी चढू लागली होती. पुढच्या आठवड्याचा नवा कागद त्यांनी त्याच दिवशी सुरू केला होता, आणि या वेळी 'आनंद' हा शब्द वापरण्याची परवानगी आहे का, असे त्यांना विचारायचे होते.